गणतीबाहेरचे सैन्य

इ.स.पू. ५२० साली जेरुसलेमला राजा नव्हता, तट नव्हता आणि स्वतःचे म्हणावे असे सैन्यही नव्हते. बाबेलच्या नबुखद्नेस्सरने शहर जाळले त्याला साठाहून जास्त वर्षे उलटली होती. पुढे बाबेलही पडले आणि यहूदाचा मुलूख आता दारयावेश या इराणी सम्राटाच्या राज्यातला एक कोपऱ्यातला सुभा होऊन बसला होता. कारभार पाहायला दावीदाच्या घराण्यातला जरुब्बाबेल होता खरा, पण त्याची नेमणूक परक्या दरबारातून झालेली. पावसाने ओढ दिली होती, पेरलेले पुरते उगवत नव्हते आणि मंदिराच्या जागी नुसते भग्नावशेष होते. अशा वेळी हाग्गय नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि लोकांना मंदिराच्या बांधकामाला लावतो. त्याच्या नावावरचे पुस्तक जेमतेम दोन अध्यायांचे, ३८ वचनांचे आहे. तेवढ्यात त्याने देवाला ‘सैन्यांचा परमेश्वर’ असे १४ वेळा म्हटले आहे. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ही उपाधी ‘सेनाधीश परमेश्वर’ या रूपात परिचयाची आहे. ज्यांच्यापाशी वेशीवर उभे करायला शिपाई नव्हते, त्यांच्या तोंडी सैन्याची भाषा इतकी दाटून यावी, हे चमत्कारिक वाटते. ते तसे का झाले, याचा माग काढत गेले की हिब्रू शास्त्रातल्या स्वर्गीय सैन्याचा अर्थ उलगडू लागतो. माझे म्हणणे थोडक्यात असे: हे सैन्य इस्राएलाच्या राजाची कुमक म्हणून फार थोड्या वेळा येते. बहुतेक वेळा ते राजाच्या सैन्याचा माज उतरवायला येते, आणि राजाचे सैन्य जसजसे ओसरत गेले तसतसे ते ठळक होत गेले.

ही उपाधी हिब्रू शास्त्रात सुमारे २८५ वेळा येते, पण सगळीकडे सारखी येत नाही. उत्पत्तीपासून शास्त्यांच्या पुस्तकापर्यंत ती एकदाही नाही. अब्राहामाला ती ठाऊक नाही, मोशेच्या तोंडी नाही. कनान जिंकण्याच्या लढायांचे वर्णन करणाऱ्या यहोशवाच्या पुस्तकातही, जिथे ती हटकून सापडावी, तिथे ती नाही. पहिल्यांदा ती भेटते शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, आणि प्रसंग लढाईचा नाही, वार्षिक यात्रेचा आहे. एल्काना नावाचा माणूस दरवर्षी शिलोच्या मंदिरात यज्ञाला जातो. त्याची बायको हन्ना निपुत्रिक आहे, सवतीच्या टोमण्यांनी मेटाकुटीला आलेली आहे, आणि सैन्यांच्या परमेश्वराला नवस करते तो मुलासाठी. या उपाधीने देवाला आळवणारी शास्त्रातली पहिली व्यक्ती ही अशी आहे. पुढे तीन अध्याय गेले की हीच उपाधी रणांगणावर येते आणि तिथे जे घडते ते आणखी बोलके आहे. अफेकजवळ पलिष्ट्यांनी इस्राएलाचे चार हजार लोक कापून काढले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी शिलोहून कराराचा कोश, म्हणजे देवासोबतच्या कराराची पवित्र पेटी, मागवला. करूबांवर विराजमान असलेल्या सैन्यांच्या परमेश्वराचा तो कोश छावणीत आला तशी इतकी मोठी आरोळी उठली की जमीन दणाणली. पलिष्टी घाबरले, पण पळाले नाहीत. त्या दिवशी तीस हजार पायदळ पडले, कोश शत्रूच्या हाती लागला आणि तो सांभाळणारे दोघे याजक मारले गेले. स्वर्गीय सैन्याच्या नावाने लढलेली ही शास्त्रातली पहिली लढाई, आणि ती दणदणीत पराभवात संपते. देवाला आपल्या बाजूने ओढून आणता येत नाही, हे सांगायलाच ही कथा जपली गेली असावी. चारेक शतकांनंतर यिर्मयाने जेरुसलेमच्या मंदिराच्या दारात उभे राहून लोकांना शिलोची अवस्था पाहून यायला सांगितले, तेव्हा त्याला हाच दाखला द्यायचा होता.

इथे एक जुना आणि वजनदार आक्षेप येतो. ही ‘सैन्ये’ स्वर्गातली कशावरून? दावीद पलिष्टी योद्धा गल्याथासमोर उभा राहतो तेव्हा आपण सैन्यांच्या परमेश्वराच्या नावाने आलो असल्याचे सांगतो आणि लगोलग तोच इस्राएलाच्या फौजांचा देव असल्याचे स्पष्ट करतो. निर्गमाच्या पुस्तकात मिसरमधून बाहेर पडलेल्या लोकांना परमेश्वराची सैन्ये म्हटले आहे. हिब्रूत आकाशातले सैन्य बहुतेक ठिकाणी एकवचनी येते आणि उपाधीतला शब्द अनेकवचनी आहे, हेही खरे. तेव्हा मुळात हा इस्राएलाच्या बाराही गोत्रांच्या फौजेचा देव होता, देवदूत मागाहून आले, असे म्हणणारे अभ्यासक पोरकट नाहीत. पण आक्षेपाचे पुरावे नीट पाहिले तर तेच डळमळतात. मिसरमधून निघालेली ‘सैन्ये’ म्हणजे बायकापोरे, म्हातारेकोतारे, गुरेढोरे आणि न फुगलेल्या कणकेच्या परातींसह निघालेले वेठबिगार होते. त्यांच्या मागे रथ लागले तेव्हा त्यांना करायला सांगितले ते एवढेच, की गप्प उभे राहा. दावीदाची गोष्ट तर उघडउघड शौल राजाचे चिलखत अंगाबाहेर काढून टाकणाऱ्या पोराची आहे. उपाधीला पृथ्वीवरच्या फौजेची जोड होती हे मी नाकारत नाही. जुन्या काव्यांत तर आकाश आणि गोत्रे खांद्याला खांदा लावून लढतात. दबोरेच्या गीतात सीसराविरुद्ध आकाशातले तारे आपापल्या मार्गावरून लढले आणि कीशोनच्या पुराने शत्रूला वाहून नेले असे वर्णन आहे, आणि मदतीला न आलेल्या मेरोजला शापही आहे. पण राजेशाही आली आणि ही भागीदारी मोडली. त्यानंतर शास्त्र लिहिणाऱ्यांना राजाच्या सैन्याचा आणि देवाच्या सैन्याचा हिशेब एकाच वहीत नको झाला.

तो मोड दाखवणाऱ्या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली यहोशवाची. यरीहोच्या वेशीजवळ त्याला उपसलेली तलवार घेतलेला एक पुरुष दिसतो. यहोशवा सेनापतीच तो. सेनापतीला शोभेल असाच प्रश्न विचारतो, की तू आमच्याकडचा की शत्रूकडचा? उत्तर मिळते ते ‘नाही’ असे. आपण परमेश्वराच्या सैन्याचा सेनापती म्हणून आलो आहोत, एवढेच तो सांगतो आणि पायातले जोडे काढायला लावतो. प्रश्नातल्या दोन्ही पर्यायांना नकार देणारे हे उत्तर पुढच्या भाष्यकारांना फार अवघड गेले, आणि काहींनी ते ओढूनताणून ‘तुमच्याकडचा’ असे वाचले. दुसरी कथा दावीदाच्या उतारवयातली. त्याने सेनापती यवाबाला देशभर पाठवून तलवार धरू शकणाऱ्यांची शिरगणती करवली. यवाब स्वतः मुरलेला लढवय्या, त्यालाही हे रुचले नाही, पण राजाज्ञा. नऊ महिने वीस दिवस फिरून आकडा आला: इस्राएलात आठ लाख, यहूदात पाच लाख. आकडा हाती पडला आणि दावीदाच्या मनाला टोचणी लागली. मग मरी आली, सत्तर हजार माणसे मेली, आणि दूताने हात उगारला तो जेरुसलेमवर. इतिहासाच्या पुस्तकात हाच प्रसंग पुन्हा सांगताना दूत आकाश आणि पृथ्वी यांच्यामध्ये उपसलेली तलवार घेऊन उभा दिसतो, म्हणजे यरीहोसमोरच्या सेनापतीच्याच पवित्र्यात. शत्रू कुठेच नाही. राजाने आपली माणसे मोजली, आणि वरचे सैन्य त्याच्याच राजधानीवर चालून आले. ज्या खळ्यावर दूत थांबला ते खळे दावीदाने विकत घेतले आणि इतिहासाच्या पुस्तकाप्रमाणे मंदिर पुढे तिथेच उभे राहिले. या राष्ट्राच्या मुख्य देवळाची जागाच मुळी सैन्यगणतीच्या प्रायश्चित्ताची आहे, हे विसरून त्या देवळातल्या देवाच्या उपाधीचा अर्थ लावता येणार नाही.

मग हे सैन्य करते तरी काय? याचे सर्वांत स्पष्ट चित्र दुभंगलेल्या इस्राएलाच्या उत्तर-राज्याचा राजा अहाब याच्या शेवटच्या लढाईच्या आदल्या प्रहरी दिसते. अहाब काही कागदी राजा नव्हता. अश्शूरच्या शल्मनेसर तिसऱ्याचा जो शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, त्यात इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत अहाबाने २,००० रथ आणि १०,००० पायदळ उतरवल्याची नोंद आहे. रथांचा आकडा फुगवलेला असू शकेल. तरीही शत्रूने ज्याची अशी दखल घ्यावी तो राजा बलाढ्यच म्हणायचा. हा अहाब रामोथ-गिलाद जिंकायला निघतो, यहूदाचा यहोशाफाट सोबतीला आहे, आणि चारशे दरबारी संदेष्टे एका सुरात विजयाची ग्वाही देत आहेत. मीखाया नावाचा एकटा माणूस वेगळे बोलतो. त्याने परमेश्वराला सिंहासनावर बसलेले पाहिले आहे, उजव्या-डाव्या बाजूला आकाशातले सगळे सैन्य उभे आहे, आणि तिथे चर्चा चालली आहे ती अहाबाला कोण भुलवील याची. एक म्हणतो असे, दुसरा म्हणतो तसे. शेवटी एक आत्मा पुढे होऊन त्या चारशे जणांच्या तोंडी खोटे घालण्याची कामगिरी पत्करतो. इथे सैन्याच्या हाती भाला नाही, मसलत आहे. दरबार भरला आहे, निवाडा होतो आहे, हुकूम सुटतो आहे. आणि हा दरबार शोमरोनच्या वेशीत भरलेल्या दोन राजांच्या दरबाराची बरोबर उलटी बाजू आहे. तिथेही दोन सिंहासने, भोवती माणसांचा घोळका आणि एका सुरातली होयबागिरी आहेच. अहाब वेष पालटून लढाईत उतरतो आणि एका सैनिकाने नेम न धरता सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात बसतो. आकाशातल्या कोणी तो सोडला नव्हता. कराराने बांधलेल्या राजाचे काय करायचे हे वर ठरले, आणि खालच्या एका अनाम तिरंदाजाच्या हातून ते घडले.

याच उत्तर-राज्यातली दोथानची कथा चित्रकारांची आवडती आहे, पण तिचा शेवट सहसा कोणी सांगत नाही. अरामचा राजा अलीशा संदेष्ट्याला पकडायला रातोरात घोडे, रथ आणि मोठी फौज पाठवतो. पहाटे अलीशाचा गडी बाहेर येतो तो गावाला वेढा पडलेला, आणि त्याची पाचावर धारण बसते. अलीशाच्या प्रार्थनेने त्याचे डोळे उघडतात आणि सारा डोंगर अग्नीच्या घोड्यांनी व रथांनी भरलेला त्याला दिसतो. आता घनघोर लढाई होणार असे वाटते, आणि ते रथ जागचे हलतच नाहीत. अरामी सैनिकांना भ्रम पडतो, अलीशा त्यांना हाताशी धरून थेट शोमरोनमध्ये राजासमोर नेऊन उभे करतो. राजाचे हात शिवशिवतात. मारू का, मारू का म्हणून तो दोनदा विचारतो. अलीशा त्यांना अन्नपाणी द्यायला लावतो. मोठी मेजवानी झडते आणि पाहुणे घरी परततात. अग्निरथांनी केलेले काम एवढेच, की एका भेदरलेल्या गड्याची भीती घालवली आणि एका राजाची तलवार म्यानात ठेवायला लावली. पुढच्याच अध्यायात शोमरोनला पडलेला वेढा उठतो तो तर नुसत्या आवाजाने: अरामी छावणीला रथांचा आणि घोड्यांचा खडखडाट ऐकू येतो, कोणी भाडोत्री राजे चालून आले असे समजून ते तंबू, गाढवे, भांडीकुंडी जागच्या जागी टाकून पळतात, आणि पळाल्याचे पहिल्यांदा कळते ते वेशीबाहेरच्या कोड झालेल्या चार माणसांना.

यावर कोणी म्हणेल की ही सगळी दुबळ्यांची समजूत आहे. हाती काही नसले की माणूस आकाशात फौजा उभ्या करतो. आक्षेपात तथ्य आहे, पण निम्मेच. ते खरे असते तर इस्राएल बळकट असतानाच्या काळात ही उपाधी एकतर नसती किंवा राजस्तुतीला जुंपलेली असती. आमोस हा तकोवाचा मेंढपाळ बोलला तो दुसऱ्या यराबामाच्या अमदानीत, म्हणजे उत्तर-राज्याच्या भरभराटीच्या ऐन काळात. हस्तिदंती पलंग, वाडगे भरभरून द्राक्षारस, आणि लो-दबार व कर्णाईम ही गावे आम्ही आमच्या बळावर घेतली ही फुशारकी. त्या फुशारकीच्या पुढच्याच वचनात सैन्यांचा देव त्यांच्यावर एक राष्ट्र उठवणार असल्याचे आमोस सांगतो. हे सांत्वन खासच नव्हे. यशयाचे तसेच. उज्जीया राजाच्या पदरी ३,०७,५०० लढवय्ये होते आणि बुरुजांवरून दगड फेकायची यंत्रे होती, असे इतिहासाचे पुस्तक कौतुकाने सांगते. तो कोडाने मेला, त्या वर्षी यशयाने उंच सिंहासनावरचा खरा राजा पाहिला आणि त्याला सैन्यांचा परमेश्वर म्हटले. भोवतीचे सहा पंखांचे सराफ दोन पंखांनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय झाकतात, दोहोंनी उडतात आणि पवित्रतेचा त्रिवार घोष करतात. शस्त्र एकाच्याही हाती नाही. हाच घोष पुढे यहुदी प्रार्थनेचा गाभा झाला. मुंबईत मांडवीला १७९६ साली उभारलेल्या बेने इस्राएलांच्या पहिल्या सिनेगॉगमध्येही तो निनादत आला आहे. ते बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेतले अधिकारी होते, हा योग वाचकाने आपल्या परीने लावावा.

यशयाच्या हयातीतच इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर आला, आणि माझ्या म्हणण्याला सर्वांत अवघड जाणारा प्रसंग हाच. एका रात्रीत परमेश्वराच्या दूताने अश्शूरी छावणीत १,८५,००० माणसे मारली, असे राजांचे पुस्तक म्हणते. इथे तर वरून आलेल्याने उघड संहार केला आहे आणि तोही यहूदाच्या बाजूने. सन्हेरीबाच्या स्वतःच्या मृत्तिकालेखात या मरणाचा उल्लेख नाही. त्यात ४६ तटबंद नगरे जिंकल्याचे, २,००,१५० माणसे नेल्याचे आणि यहूदाचा राजा हिज्कीया याला जेरुसलेमात कोंडल्याचे आहे. नगर घेतल्याचे मात्र त्यातही नाही, आणि निनवेच्या राजवाड्यातल्या भिंतीवर मोठ्या अभिमानाने कोरलेला वेढा लाखीशचा आहे, जेरुसलेमचा नाही. हिरोडोटसने मिसरच्या सरहद्दीवर अश्शूरी धनुष्यांच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्याची एक दंतकथा दिली आहे. तीवरून काहींनी साथीचा तर्क केला. काय घडले ते आता ठरवता येणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते शास्त्राने मांडलेले गणित. हिज्कीयाने आधी देवळाच्या दारांचे सोने ओरबाडून ३० किक्कार सोने आणि ३०० किक्कार रुपे भरले, हे त्याच पुस्तकाने लपवलेले नाही. मिसरच्या रथांवर भिस्त ठेवणाऱ्यांना यशयाने झोडपले. अश्शूरच्या सरदाराने तर तटाखालून खिजवले होते, की स्वार पुरवू शकत असाल तर आमचे दोन हजार घोडे घेऊन जा. आणि यहूदाच्या एकाही शिपायाने बाण न सोडता वेढा उठला. उपाधी सैन्यांची, आलेला दूत एकच. त्या विजयाचे श्रेय घेऊन मिरवणूक काढायला राजाला जागाच उरली नाही.

आकाशातल्या या सैन्याची आणखी एक बाजू होती आणि ती धोक्याची होती. सूर्य, चंद्र, तारे हेही आकाशातले सैन्यच, आणि लोक त्यांना भजत. अश्शूरच्या मांडलिकीत यहूदावर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या मनश्शेने मंदिराच्या दोन्ही अंगणांत आकाशातल्या सगळ्या सैन्यासाठी वेद्या बांधल्या. घरांच्या धाब्यांवर धूप जळत असे, हे यिर्मयाच्या तक्रारीवरून कळते. योशीया राजाने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास हे सगळे उखडले. सूर्याला वाहिलेले घोडेही मंदिराच्या दारातून हलवले. म्हणजे एकाच शतकात जेरुसलेममध्ये आकाशातल्या सैन्याची पूजा होती आणि त्या सैन्याच्या धन्याची उपाधीही होती. काही अभ्यासक म्हणतात त्याप्रमाणे ही ‘सैन्ये’ म्हणजे तारेच असे धरले, तरी उपाधीचा रोख बदलत नाही: ज्यांना तुम्ही देव समजता ते कोणाचे तरी चाकर आहेत. बाबेलच्या बंदिवासात हा रोख धारदार झाला. तिथे चंद्रदेव सीन, सूर्यदेव शमाश आणि शुक्राची इश्तार ही विजेत्यांची दैवते होती, आणि हरलेल्या टोळक्यातला एक अनाम कवी, ज्याची वाणी यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे, परमेश्वर ताऱ्यांना हजेरीपटावरच्या शिपायांसारखा नावानिशी हाक मारतो असे म्हणतो. जी गणती करण्याचा दावीदाला अधिकार नव्हता, ती इथे होते आहे.

पण बंदिवासाचा दुसरा मोठा संदेष्टा यहेज्केल ही उपाधी एकदाही वापरत नाही. राजसत्ता गेली तशी उपाधी वाढली, हे माझे सूत्र इथे अडखळते. स्वीडिश अभ्यासक ट्रिग्वे मेटिंगर यांनी १९८२ मध्ये या गाठीवर पुस्तकच लिहिले. त्यांच्या मते ही उपाधी जेरुसलेमच्या मंदिरातल्या करूबांच्या सिंहासनाशी बांधलेली होती. सिंहासन जळाल्यावर तिचा आधार सुटला, आणि काहींनी देवाच्या ‘नामा’ची, यहेज्केलासारख्यांनी देवाच्या ‘तेजा’ची भाषा पत्करली. हे पटण्याजोगे आहे. यहेज्केलाने ते तेज मंदिर सोडून जाताना पाहिले होते. रिकाम्या सिंहासनाच्या नावाने तो कसा बोलणार? मात्र यावरून उपाधी मेली असे म्हणता येत नाही. यिर्मयाच्या हिब्रू पुस्तकात ती ८० हून अधिक वेळा आहे, तर त्याच पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात फारच कमी. यातल्या बऱ्याच नोंदी नंतरच्या संपादकांच्या हातच्या असाव्यात, असा आक्षेप घेतला जातो. मला तो आक्षेप वाटतच नाही. राज्य बुडाल्यावर, फौज गेल्यावर कोणी तरी बसून ही उपाधी पानोपानी भरत होते, हेच तर मला सांगायचे आहे. आणि यिर्मयात तिचा वापर पुन्हा बोचरा आहे: सैन्यांचा परमेश्वर तिथे नबुखद्नेस्सराला आपला सेवक म्हणतो.

मंदिराचे काम पुन्हा सुरू झाले तशी उपाधी पूर्ण जोराने परतली. जखऱ्याच्या पुस्तकात ती ५३ वेळा आहे, मलाखीच्या चार छोट्या अध्यायांत २४ वेळा. जखऱ्याला रात्री दिसलेले सैन्य पाहण्यासारखे आहे. दरीतल्या मेंदीच्या झुडपांत तांबड्या घोड्यावर एक स्वार, मागे तांबडे, पिंगट, पांढरे घोडे. ते पृथ्वीभर फिरून आलेले टेहळे आहेत. इराणी साम्राज्यात जे राजस्वार निरोप घेऊन धावत, त्यांचे वर्णन हिरोडोटसने केले आहे; इथे तीच यंत्रणा दुसऱ्या सम्राटासाठी राबताना दिसते. त्यांची बातमी मात्र निराशेची आहे: सगळी पृथ्वी शांत आहे. दारयावेशाची घडी बसली आहे, कुठे बंड नाही, यहूदाच्या सुटकेची चिन्हे नाहीत. ते ऐकून खुद्द दूतच गाऱ्हाणे मांडतो की सत्तर वर्षे झाली, आणखी किती? त्याला गोड शब्दांत दिलासा मिळतो, तारीख मिळत नाही. पुढे जरुब्बाबेलाला जो निरोप जातो त्यात सैन्याने किंवा बळाने काम होणार नाही, आत्म्याने होईल, असे सैन्यांचा परमेश्वर स्वतःच बजावतो. इ.स.पू. ५१५ मध्ये मंदिर पुरे झाले, सम्राटाच्या परवान्याने. याच इराणी अमलात नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर यहुदी शिपायांची एक छावणी होती, आणि तिथे सापडलेल्या खापरांवरच्या चिठ्ठ्यांत, एकमेकांचे क्षेम चिंतताना, हीच उपाधी लिहिलेली आहे. हे खरेखुरे शिपाई, पण पगार परक्या राजाचा. इ.स.पू. ४१० मध्ये त्यांचे मंदिर पाडले गेले तेव्हा त्यांनी लढाई केली नाही. यहूदाच्या सुभेदाराकडे अर्ज केला.

आकाशातले सैन्य हरूही शकते, ही कल्पना शेवटच्या टप्प्यात आली. सेल्युकी राजा चौथ्या अँटायोकसने इ.स.पू. १६७ मध्ये मंदिर विटाळले, आणि दानीएलाच्या पुस्तकात एक लहान शिंग आकाशातल्या सैन्यापर्यंत वाढून त्यातल्या काहींना खाली पाडते, तुडवते. त्याच पुस्तकात पारसाचा अधिपती एका दूताला २१ दिवस अडवून धरतो आणि मीखाएल सोडवायला येतो. मीखाएल आणि गब्रीएल ही नावे हिब्रू शास्त्रात इथेच पहिल्यांदा येतात. त्याच वर्षांत मक्काबी बंधूंनी डोंगरात शस्त्र उचलले होते, आणि दानीएलाचा लेखक त्यांची बोळवण ‘थोडीशी मदत’ अशी करतो असे बहुतेक भाष्यकार मानतात. मक्काबींच्या घराण्याची बाजू सांगणारे मक्काबींचे पहिले पुस्तक उलट टोकाला आहे. त्यात फौजांचे आकडे आहेत, हत्ती आहेत, तह आहेत. सन्हेरीबाच्या दूताची आठवण एका प्रार्थनेत निघते, पण आकाशातून कोणी उतरत नाही. दुसऱ्या पुस्तकात त्याच लढायांत सोन्याच्या लगामांचे पाच स्वार उतरतात, हे खरे. पण ते पुस्तक ग्रीकमध्ये, त्या राजघराण्याच्या दरबारापासून दूर लिहिलेले आहे. घराणे सत्तेवर आले, आणि योहान हिर्कानसने दावीदाच्या थडग्यातला पैसा काढून परदेशी भाडोत्री सैनिक ठेवले, असे जोसेफस नोंदवतो. जेरुसलेमच्या या याजक-राजांशी फारकत घेतलेला एक पंथ मृत समुद्राकाठी कुमरानला राहत होता. १९४७ मध्ये तिथल्या पहिल्या गुहेत सापडलेल्या युद्धाच्या गुंडाळीत चाळीस वर्षांच्या शेवटच्या युद्धाची तजवीज आहे: ढाल अडीच हात लांब आणि दीड हात रुंद, बुरुजासारख्या तुकड्यांच्या ढालींवर मीखाएल, गब्रीएल, सारीएल आणि रफाएल ही नावे, सहा चढायांपैकी तीन प्रकाशाच्या पुत्रांच्या, तीन अंधाराच्या आणि सातवी देवाच्या हातची. लंगडा, आंधळा किंवा विटाळ झालेला माणूस छावणीतून युद्धाला निघायचा नाही, असाही नियम त्यात आहे, आणि कारण दिले आहे की पवित्र दूत त्यांच्या सैन्यांबरोबर असतात.